विरघळणारा कापूस

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. जलंब स्टेशनापासून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत टाकलेला आठेक मैलांचा रेल्वेफाटा त्यांच्या हस्ते सुरू व्हायचा होता. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, त्याला जेमतेम सतरा वर्षं झाली होती. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि तिच्यापासून कापसाच्या बाजारांकडे फाटे फुटू लागले. बडनेऱ्याहून अमरावतीला गेलेली लाइनही अशीच, रुईच्या गाठींसाठी.

एवढ्या घाईचं कारण अमेरिकेत होतं. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात तिथल्या दक्षिणेचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. त्या भुकेनं वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. कापसाच्या कारभारासाठी हॅरी रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याची खास कॉटन कमिशनर म्हणून नेमणूक झाली. पुढे खामगावात व्होलकार्ट ब्रदर्ससारख्या परदेशी पेढ्या आल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. लिव्हरपूलच्या दलालांनी या मालाला अमरावतीवरून ‘उमरा’ असं नाव दिलं आणि त्या नावाखाली वऱ्हाडचा कापूस जगभर विकला जाऊ लागला.

पण खरेदीदारांची एक तक्रार कायम राहिली: धागा आखूड आणि जाडाभरडा. अमेरिकन कापसापासून तलम सूत निघे, वऱ्हाडी कापसापासून निघत नसे. साहेबांनी हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या बनी कापसाचा आग्रह धरला. शेतकऱ्यानं मात्र हिशेब केला आणि ज्या आखूड धाग्याच्या जातीचं पीक भरवशाचं, जिच्या कापसातून रुईचा उतारा जास्त, ती ‘जरी’ पेरत राहिला. भावात मार खाल्ला, पण पऱ्हाटी तगली. बाजारानं हलका ठरवलेला हाच आखूड, जाड, खरबरीत कापूस पुढे दवाखान्यात सगळ्यात जास्त उपयोगाचा निघणार होता. त्याच कापसाच्या मूळ द्रव्यापासून शरीरात विरघळून जाणारं कापड बनणार होतं. त्या कापडाची ही गोष्ट आहे, आणि तिच्यात वऱ्हाडचा वाटा किती होता आणि किती असायला हवा होता, त्याचीही.

कापूस जखमेवर आला तो बराच उशिरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या रुग्णालयांत जुन्या लिननच्या चिंध्या खरवडून काढलेली लव जखमेत भरत. तिच्यात काय काय असे ते सांगायला नको. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लानं जखमेतले जंतू मारता येतात हे दाखवलं आणि स्वच्छ, रक्त शोषून घेणाऱ्या पट्टीची गरज सगळ्यांना पटली. कच्च्या कापसाची अडचण अशी की तो पाणी घेतच नाही. प्रत्येक तंतूवर मेणचट थर असतो. झाडावर बोंड फुटल्यावर पावसापासून वाचायला तो थर कापसाला हवाच असतो, पण जखमेवर तोच नडतो. जर्मनीत हायडेनहाइमच्या पाउल हार्टमान यांनी १८७० च्या दशकात हा मेणचटपणा काढलेला कापूस कारखान्यात तयार केला. १८८० मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन सॅम्पसन गॅम्जी यांनी दोन गॉजच्या मध्ये शोषक कापसाचा थर घालून पट्टी बनवली. आजही ती ‘गॅम्जी’ याच नावानं ओळखली जाते. १८८६ मध्ये अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन ही कंपनी निघाली, तिचं सुरुवातीचं भांडवलच मुळी कापूस आणि गॉज होतं.

कापूस शोषक करायची रीत तशी साधी आहे. तो पिंजायचा, कॉस्टिक सोड्यात दाबाखाली उकळायचा, धुवायचा, ब्लीच करायचा, पुन्हा धुवून वाळवायचा. जमला की नाही हे पाहायची कसोटीही तितकीच सरळ. तांब्याच्या तारेची एक लहानशी टोपली घेतात, तिच्यात पाच ग्रॅम कापूस भरतात आणि ती आडवी धरून पाण्याच्या पृष्ठभागापासून सेंटीमीटरभर उंचीवरून सोडतात. टोपली दहा सेकंदांच्या आत बुडाली पाहिजे. मग टोपली वर काढून निथळू देतात आणि वजन करतात. एका ग्रॅम कापसानं किमान तेवीस ग्रॅम पाणी धरलं पाहिजे. कच्च्या कापसाची टोपली बुडायचं नावच घेत नाही.

इथे देशी कापूस उजवा ठरतो. त्याचे तंतू जाड आणि ताठ असल्यामुळे भिजल्यावर ते एकमेकांवर लोळून लगदा होत नाहीत. त्यांच्यामधली जागा मोकळी राहते आणि त्या जागेत पाणी थांबतं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालं. त्याच्या कापूस संशोधकांनी एकीकडे पीकेव्ही हायब्रिड-२ सारखा अमेरिकन जातीचा संकरित वाण दिला आणि दुसरीकडे एकेए-७, एकेए-८ असे देशी वाणही टिकवले, सुधारले. मुंबईच्या माटुंग्यात १९२४ पासून चालू असलेल्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेनं शोषक कापसावर काम केलं. आखूड धाग्याचा देशी कापूस सर्जिकल कापसासाठी चांगला हे तिथून इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

बाहेरच्या जखमेचं असं जमलं. पोटाच्या आत मात्र हाच कापूस शत्रू ठरला.

जिल्हा रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरात एखाद्या सकाळी पोटाचं ऑपरेशन संपत आलेलं असतं. सर्जन टाके घालायला सुई मागतात, पण सिस्टर लगेच सुई देत नाहीत. आधी मोजणी. ट्रॉलीवर उरलेले मॉप, म्हणजे गॉजच्या जाड घड्या, किती, टबमध्ये टाकलेले रक्तानं भिजलेले किती, आणि ऑपरेशन सुरू होताना फळ्यावर लिहिलेला आकडा किती. तिन्हींचा मेळ बसला, सिस्टरांनी ‘काउंट बरोबर’ असं मोठ्यानं सांगितलं, की मगच पोट बंद होतं. मेळ बसला नाही तर आतड्यांच्या घड्या पुन्हा उलगडून पाहायच्या. मॉपच्या कडेला विणलेली निळी पट्टी एक्स-रेत दिसते, ती त्यासाठीच. कारण माणसाच्या शरीरात कापूस पचत नाही. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. गायी-म्हशींच्या पोटातल्या जिवाणूंना सेल्युलोज फोडता येतं, माणसाच्या पेशींकडे ते विकर नाही. आत राहिलेल्या गॉजभोवती शरीर गाठ बांधतं, आणि डॉक्टरांनी त्या गाठीला कापसाच्या शास्त्रीय नावावरूनच ‘गॉसिपिबोमा’ म्हटलं आहे.

अख्खा मॉप राहणं हा क्वचितचा अपघात. पण गॉजचे सुटलेले बारीक धागे, हातमोज्यांवरची पावडर, कोरड्या मॉपनं खरवडलेलं आतड्यावरचं अस्तर, या गोष्टी पूर्वी जवळजवळ प्रत्येक ऑपरेशनात घडत. त्यांचा परिणाम काही दिवसांनी दिसे, कधी काही वर्षांनी. आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटत. डॉक्टर त्याला ‘ॲडहेजन’ म्हणतात, आपल्याकडे रुग्ण ‘आतडी चिकटली’ असं सांगतात.

हे चिकटणं कसं होतं ते समजून घेतलं की पुढची सगळी गोष्ट उलगडते. पोटातल्या प्रत्येक अवयवावर पातळ, ओलं, चकचकीत अस्तर असतं. त्याच्यामुळे आतडी एकमेकांवरून सहज सरकतात. ऑपरेशनात हे अस्तर कुठे ना कुठे दुखावतंच. तिथे काही तासांत रक्तद्रवातून फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ पाझरतो आणि शेजारी टेकलेल्या दोन जखमी जागांमध्ये त्याचे दोरे तयार होतात. रक्तपुरवठा नीट असेल, रक्त साचलेलं नसेल, तर शरीर दोन-तीन दिवसांत हे दोरे स्वतःच विरघळवून टाकतं. तसं झालं नाही तर त्या दोऱ्यांवरून पेशी सरकतात, कोलेजन बनतं, केशवाहिन्या वाढतात आणि आठवड्याभरात तात्पुरता दोरा कायमचा पट्टा होतो. दुसऱ्या बाजूला, अस्तर भरून यायलाही साधारण आठवडाच लागतो. म्हणजे लढाई आठवड्याभराची. तेवढे दिवस दोन दुखावलेल्या जागा एकमेकींपासून दूर ठेवल्या की काम झालं.

हे गणित सर्जनांना फार पूर्वीच कळलं होतं. त्यांनी दोन अवयवांमध्ये घालायला काय काय वापरून पाहिलं त्याची यादी लांब आहे: माशाच्या फुग्याची त्वचा, वासराच्या पोटाचं अस्तर, सोन्याचा वर्ख कुटताना वापरतात ती बैलाच्या आतड्याची झिल्ली, गर्भाभोवतीची पडदी, रेशीम, तेलं. बहुतेकांनी उलट जास्तच चिकटवलं, कारण शरीराच्या दृष्टीनं तेही परकं होतं. पडदा हवा होता असा की जो आठवडाभर टिकेल आणि मग माग न ठेवता नाहीसा होईल.

तो मिळाला फोटोच्या फिल्मच्या कारखान्यात.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात ईस्टमन कोडॅकची प्रयोगशाळा होती. फिल्मचा पारदर्शक पाया त्या काळी सेल्युलोजपासून बनत असे आणि त्यासाठी सरकीवर चिकटून राहणारे आखूड तंतू, म्हणजे लिंटर, मोठ्या प्रमाणात लागत. त्यामुळे सेल्युलोजचं रसायनशास्त्र कोडॅकमध्ये हातचा मळ होतं. विल्यम केनियन आणि एडवर्ड याकेल या रसायनशास्त्रज्ञांनी कापसावर नायट्रोजन डायऑक्साइड वायूची क्रिया करून पाहिली. सेल्युलोजच्या साखळीत ग्लुकोजचे हजारो दुवे असतात. त्यांतल्या बऱ्याच दुव्यांवरच्या एका ठरावीक जागी या वायूमुळे आम्लाचा गट तयार झाला, म्हणजे सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण झालं. गंमत अशी की कापसाचा आकार तसाच राहिला. पेळू पेळूच दिसे, गॉज गॉजच दिसे, कागद कागदच. पण सौम्य अल्कलीत टाकला की तो विरघळून जाई. १९४२ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं.

रक्त आणि पेशींभोवतालचे द्रव किंचित अल्कधर्मीच असतात. मग हा कापूस शरीरात विरघळेल का? हा प्रश्न न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. व्हर्जिनिया नीलँड फ्रँट्झ यांच्यापुढे आला. १९२२ मध्ये त्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात सर्जरीच्या पहिल्या महिला इंटर्न झाल्या होत्या आणि पुढे शस्त्रक्रियेतल्या पेशी-ऊतींच्या तपासणीत त्यांनी नाव कमावलं. त्यांनी ऑक्सिडीकरण केलेला कापूस, कागद आणि गॉज प्राण्यांच्या शरीरात ठेवले आणि ठरावीक दिवसांनी त्या जागा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. तंतू फुगले, विरले, नाहीसे झाले. साध्या कापसाभोवती जी गाठ बांधली जाते ती बांधली गेली नाही. १९४३ मध्ये ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. शोषला जाणारा कापूस, कागद आणि गॉज, असा त्याचा सरळ विषय होता. पुढच्या वर्षी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या गॉजनं रक्तस्राव थांबवता येतो हे मांडलं. आम्लामुळे रक्त गोठतं, गॉज काळपट-तपकिरी होऊन फुगतो आणि वाहणाऱ्या जागेवर बूच बसतं. तो काढायची गरज नाही, आतच राहू द्यायचा.

जग तेव्हा युद्धात होतं. मेंदूच्या आणि यकृताच्या जखमांत टाका घालणं अवघड असतं आणि दाबून धरलेला गॉज काढला की पुन्हा रक्त सुटतं. अशा जागी आतच सोडून देता येणारा गॉज म्हणजे केवढी सोय, हे त्या काळच्या सर्जनांना वेगळं सांगावं लागलं नाही. या कामासाठी फ्रँट्झ यांना १९४८ मध्ये अमेरिकी सैन्यदलांनी गौरवलं. पार्क-डेव्हिस कंपनीनं ‘ऑक्सिसेल’ नावानं हा माल बाजारात आणला.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. रॉचेस्टर आणि न्यूयॉर्कमधला तो कापूस वऱ्हाडचा नव्हता. अमेरिकेकडे स्वतःचा भरपूर होता. त्या काळात वऱ्हाडच्या गाठी मुंबईच्या गिरण्यांत आणि युद्धापूर्वी जपानला जात होत्या, काही कापूस अकोल्याच्या सावतराम मिलमध्ये आणि अचलपूरच्या विदर्भ मिलमध्ये कातला जात होता. यवतमाळहून मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे पऱ्हाटीच्या शेतांमधून रुई ओढत होती. इथे कापूस पिकत होता, गाठी बांधल्या जात होत्या आणि त्या निघून जात होत्या. सेल्युलोजचं रसायनशास्त्र शिकवणारी, त्याला नवं रूप देणारी प्रयोगशाळा या पट्ट्यात कुणी उभी केली नव्हती. कच्चा माल आणि औषध यांच्यात जे अंतर पडतं ते हेच.

ऑक्सिसेलमध्ये एक दोष होता. नैसर्गिक कापसाचा प्रत्येक तंतू निराळ्या जाडीचा, त्यामुळे त्याचं ऑक्सिडीकरणही कमीजास्त होई. यावर तोडगा रेयॉनच्या तंत्रानं दिला. सेल्युलोज आधी पूर्ण विरघळवायचं, मग बारीक छिद्रांतून पिळून त्याचे एकसारखे धागे काढायचे, त्यांचं कापड विणायचं आणि मग त्या कापडाचं ऑक्सिडीकरण करायचं. जॉन्सन अँड जॉन्सननं १९६० मध्ये असं कापड ‘सर्जिसेल’ या नावानं आणलं. आज अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही मोठ्या ऑपरेशन थिएटरातल्या सिस्टरांना हे नाव ठाऊक असतं. सर्जननं ‘सर्जिसेल द्या’ म्हटलं की जाळीदार, पांढऱ्या कापडाचा तुकडा चिमट्यात येतो.

सर्जिसेल रक्त थांबवण्यासाठी होतं. चिकटणं थांबवायला त्याच द्रव्याचं, पण वेगळ्या विणीचं कापड लागलं. ते ‘इंटरसीड’ या नावानं आलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. दुखावलेल्या जागेवर हे कापड पसरलं आणि थोडं ओलं केलं की ते चिकटून बसतं. टाक्याची गरज नाही. काही तासांत त्याचा गिलगिलीत थर होतो, आठवडाभर तो दोन जागांमध्ये पडदा म्हणून राहतो आणि साधारण चार आठवड्यांत शरीर त्याला शोषून घेतं.

हे कापड खरंच काम करतं का, हे तपासायची रीत फार हुशारीची होती. मूल होत नाही म्हणून ऑपरेशन करायला आलेल्या ७४ स्त्रिया या अभ्यासात होत्या. त्यांच्या ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर अवयव चिकटलेले होते. सर्जननं दोन्ही बाजू मोकळ्या केल्या आणि एकाच बाजूवर कापड पसरलं. काही आठवड्यांनी दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं. तुलना एका बाईची दुसरीशी नव्हती, तिच्याच उजव्या बाजूची डाव्या बाजूशी होती. झाकलेली बाजू स्पष्टपणे जास्त मोकळी राहिली होती.

वंध्यत्वाच्या शस्त्रक्रियांत हा प्रश्न किती जुना, हे मुंबईच्या सर्जनांना चांगलं ठाऊक होतं. गर्भाशयाच्या मुखाला घालायच्या टाक्यामुळे जगभर नाव झालेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर बंद पडलेल्या गर्भनलिका उघडण्याच्या शस्त्रक्रियाही करत. नलिका कितीही कौशल्यानं उघडली तरी भोवती पुन्हा चिकटलं की स्त्रीबीज तिच्यात शिरत नाही. शिरोडकरांच्या पिढीला पडदा मिळाला नव्हता. त्यांच्याजवळ होता तो फक्त हलका हात.

इंटरसीडची एक अट मात्र कडक आहे: जागा पूर्ण कोरडी पाहिजे. रक्त झिरपत असेल तर कापड काळं पडतं आणि रोखण्याऐवजी फायब्रिनला धरून ठेवतं. त्याच्या भावंडाचा, सर्जिसेलचा, जन्म रक्तात काम करण्यासाठी झाला आणि हे रक्ताचा थेंबही सहन करत नाही. म्हणून कापड हातात घेण्याआधी सर्जननं रक्ताची बारीकशी धारही शोधून बंद केलेली असावी लागते.

१९९६ मध्ये ‘सेप्राफिल्म’ आली. ती विणलेलं कापड नव्हे, पातळ पापुद्रा आहे. हायल्युरॉनिक आम्ल आणि कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज यांची ती बनते, म्हणजे इथेही अर्धं अंग सेल्युलोजचंच. मोठं आतडं काढलेल्या १८३ रुग्णांच्या अभ्यासात सेप्राफिल्म लावलेल्यांपैकी ५१ टक्के पुढच्या ऑपरेशनाच्या वेळी पूर्ण मोकळे आढळले, न लावलेल्यांत फक्त ६ टक्के. आकडे पाहून सगळे हरखले.

मग दहा वर्षांनी दुसरी बाजू पुढे आली. २००६ मध्ये सतराशेहून जास्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आतडं अडकण्याचं एकूण प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. चिकटण्यामुळे आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण मात्र ३.४ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर आलं. शिवाय आतड्याच्या ताज्या जोडाभोवतीच पापुद्रा गुंडाळला तर जोड गळण्याचा धोका वाढतो, हेही कळलं. इंटरसीडबद्दलही असंच. चिकटणं कमी होतं याचे पुरावे आहेत, पण त्यामुळे पुढे पोटदुखी कमी होते की गर्भधारणा वाढते हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पडदा उपयोगी आहे, पण तो सगळं काम एकटा करत नाही, एवढाच निष्कर्ष या अभ्यासांतून निघतो.

मुळात दुखणं किती मोठं आहे? स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाचं किंवा ओटीपोटाचं उघडं ऑपरेशन झालेल्या २९,७९० जणांवर दहा वर्षं नजर ठेवली गेली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. त्यांतल्या ३४.६ टक्के रुग्णांना चिकटण्याशी थेट किंवा कदाचित संबंध असलेल्या, किंवा चिकटण्यामुळे अवघड होऊ शकणाऱ्या उपचारासाठी सरासरी २.१ वेळा पुन्हा दाखल व्हावं लागलं. पुन्हा दाखल होण्याच्या एकूण वेळांपैकी ५.७ टक्के थेट चिकटण्यामुळे होत्या.

वऱ्हाडात हा प्रश्न रोजचा आहे. अमरावतीचं इर्विन आणि डफरीन, अकोल्याचं सर्वोपचार आणि लेडी हार्डिंग, ही नावं मेळघाटापासून बाळापूर-पातूरपर्यंतच्या लोकांना पाठ आहेत. सिझर, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, पिशवी काढणं, अपेंडिक्स, हर्निया, सगळी ऑपरेशनं याच दारांतून जातात. एकाच बाईची दोन-तीन सिझर होतात तेव्हा प्रत्येक पुढच्या वेळी मूत्राशय आणि गर्भाशय जुन्या चिकटण्यातून सोडवत जावं लागतं. त्यात वेळ जातो, रक्त जातं. आपल्याकडे पोटाचा क्षयही आतडी चिकटवतो, त्यामुळे डॉक्टरला दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

पडद्याचं कापड महाग आहे आणि प्रत्येक ऑपरेशनात ते लागतही नाही. त्याआधी ज्या गोष्टी कराव्यात त्या जवळजवळ फुकट आहेत. मॉप सलाइननं ओला करून मगच आतड्याला लावायचा. आतडी उघडी कोरडी पडू द्यायची नाहीत. हातमोज्यांना पावडर नको. शंभर वर्षं, आधी टाल्क, मग स्टार्च वापरून चिकटणं वाढवल्यावर अमेरिकेनं जानेवारी २०१७ पासून पावडरचे सर्जिकल मोजे बंदच केले. रक्ताची गुठळी आत ठेवायची नाही. जिथे शक्य तिथे दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं. अनुभवी सर्जन हेच सांगतात. हळुवार हाताची जागा कुठलंही कापड घेत नाही.

रुग्णाच्या बाजूनंही दोन गोष्टी आहेत. पोटाचं ऑपरेशन किती वर्षांपूर्वीचं का असेना, पुढे पोट फुगलं, पिळवटून दुखायला लागलं, उलट्या होऊ लागल्या आणि वारा सरणं बंद झालं, तर जुलाबाचं औषध घेऊन घरी बसू नये. लगेच रुग्णालय गाठावं. आणि जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड फाइलला लावून ठेवावं. पुढच्या सर्जनला आत काय मिळणार आहे याची ती पहिली खूण असते.

आता पुन्हा कापसाकडे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत वऱ्हाडच्या शेतांतून देशी पऱ्हाटी जवळजवळ हद्दपार झाली. गिरण्यांना लांब धागा हवा, बाजारात भाव त्यालाच. सर्जिकल कापसाला ज्या जाड, आखूड धाग्याचा उपयोग, तो पेरायला शेतकऱ्याला खात्रीचा गिऱ्हाईक नाही. दुसरीकडे देशात तांत्रिक वस्त्रांना चालना देण्यासाठी २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर झाली, आणि वैद्यकीय वस्त्रं हा तिचा एक मुख्य भाग आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीजवळच्या पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी झाली. हजार एकरांचा हा पार्क नुसत्या सूत, कापड, कपड्यांवर थांबला, तर १८७० ची गोष्ट नव्या शेडमध्ये पुन्हा घडेल. रुई इथली आणि शोध दुसऱ्यांचे.

पुढचा रस्ता उघड आहे. शोषक कापूस, गॉज, मॉप हे पहिलं पाऊल. सरकीच्या लिंटरपासून शुद्ध सेल्युलोज हे दुसरं. ऑक्सिडीकरण केलेलं, शरीरात विरघळणारं कापड हे तिसरं, आणि ते सगळ्यात अवघड, कारण त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ, निर्जंतुकीकरण, प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या आणि औषध प्रशासनाची परवानगी असं सगळं लागतं. पण अवघड आहे म्हणून इथे होणार नाही, असं म्हणायला आधार नाही. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज आता भारतातही तयार होतं.

अमरावतीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला एकाच माणसाचं नाव आहे: डॉ. पंजाबराव देशमुख. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा दहा वर्षं देशाचा कृषिमंत्री होता. दोन्ही संस्थांत अंतर सुमारे शंभर किलोमीटरचं. एकीकडे देशी कापसाचं बियाणं आहे, दुसरीकडे ते कापड ज्यांच्या पोटात ठेवायचं ते रुग्ण आणि त्यांचे सर्जन आहेत. कृषी विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय आणि नव्या पार्कचे उद्योजक यांनी एका टेबलावर बसून शोषक कापसाची एक चाचणी प्रयोगशाळा अमरावतीत उभी करावी आणि देशी कापसाच्या खरेदीचा करार पेरणीपूर्वीच शेतकऱ्याशी करावा. वऱ्हाडनं हे मागावं आणि लोकप्रतिनिधींनी ते करून घ्यावं.